मिररमधली डिस्क अडखळते तेव्हा: रीड एरर आणि टाइमआउट कसे हाताळायचे

कोल्हापुरातल्या एका फोटो स्टुडिओच्या मशीनमध्ये ४ टेराबाइटच्या दोन डिस्क मिररमध्ये लावलेल्या होत्या, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा लिहिला जात होता. ऐन लग्नसराईत फोन आला: एक ठरावीक फोल्डर उघडला की सगळं मशीन गोठतं आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू लागतं. मी गेलो, कॅबिनेटला कान लावला आणि तो फोल्डर उघडायला सांगितला. आतून खट् असा बारीक आवाज आला, मग शांतता, मग पुन्हा खट्. त्याच दुपारी मिररने एक डिस्क बाद केली. स्टुडिओवाल्या दादांनी 'डिस्क गेली' म्हणून नवी मागवूनही टाकली होती. पण डिस्क गेलेली नव्हती. तिच्यावरचा ४ किलोबाइटचा एक तुकडा वाचता येत नव्हता, एवढंच. बाकीचा सगळा घोळ दोन घड्याळांचा मेळ नसल्यामुळे झाला होता.

ही दोन घड्याळं समजली की मिररमधल्या बहुतेक अडचणी शांतपणे सोडवता येतात. खालचं सगळं एमडी या लिनक्समधल्या मिरर सांभाळणाऱ्या यंत्रणेला धरून लिहिलं आहे. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या स्वतःच मिरर करणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच ती रोमन अक्षरांत टाकायची.

दोन घड्याळं

एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा डेटाचा सर्वांत लहान तुकडा, वाचता आला नाही तर ड्राइव्ह लगेच हात टेकत नाही. हेड किंचित इकडेतिकडे सरकवून, त्याच जागेवरून फेऱ्यामागून फेऱ्या मारून, दुरुस्तीचं गणित पुन्हा मांडून ती प्रयत्न करत राहते. साधी डेस्कटॉप ड्राइव्ह हा हट्ट दोन-दोन मिनिटं धरू शकते. ती मशीनमध्ये एकटी असेल तर तिचं हे वागणं बरोबरच आहे, कारण त्या डेटाची दुसरी प्रत कुठेही नसते.

दुसरं घड्याळ कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं. लिनक्स कर्नल डिस्कला दिलेल्या प्रत्येक आज्ञेसाठी ३० सेकंद थांबतो. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर त्याची समजूत होते की डिस्क अडकली, आणि तो सगळी लिंकच रीसेट करतो. इकडे ड्राइव्ह तिच्या सेक्टरवर डोकं आपटण्यात गुंग असते, त्यामुळे ती रीसेटलाही ओ देत नाही. कर्नल पुन्हा रीसेट करतो, लिंकचा वेग कमी करून पाहतो आणि शेवटी डिस्क सोडून देतो.

मिररच्या दृष्टीने हे फार वाईट. वाचताना चूक आली तर एमडी काय करतं ते पाहा: तोच मजकूर दुसऱ्या डिस्कवरून वाचतं, मागणाऱ्याला देतं आणि मग पहिल्या डिस्कच्या त्याच खराब जागी तो पुन्हा लिहितं. लिहिताना ड्राइव्हला ती जागा बदलून राखीव जागा वापरायची संधी मिळते आणि दोष तिथेच मिटतो. वापरणाऱ्याला कळतही नाही. पण ड्राइव्ह अजून जुन्याच वाचनात अडकलेली असेल तर हे लिहिणंही फसतं. लिहिणं फसलं की एमडी ती डिस्क बाद करतं. एका सेक्टरपायी अख्खी डिस्क बाहेर, आणि उरलेला डेटा एका पायावर उभा.

म्हणून नियम एकच: मिररमध्ये ड्राइव्हने कर्नलच्या आधी हार मानली पाहिजे. नॅससाठी (नेटवर्कवरून वापरायच्या साठवणीसाठी) बनवलेल्या ड्राइव्हमध्ये ही मर्यादा सहसा ७ सेकंद ठेवलेली असते. वेस्टर्न डिजिटल याला टीएलईआर म्हणतं, सीगेट ईआरसी, तर सॅमसंग आणि हिताची सीसीटीएल म्हणायचे. नावं वेगळी असली तरी काम तेच.

आधी हात आवरा

मिररने डिस्क बाद केल्याचं दिसलं की मशीन रीस्टार्ट करायचा मोह होतो. तो टाळा. रीस्टार्टमध्ये लॉगचे ताजे संदेश जाऊ शकतात आणि कुठली डिस्क का गेली हे कळायचा रस्ता बंद होतो. कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या डीमेसेज या आज्ञेचा सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून ती पेन ड्राइव्हवर ठेवा. प्रॉक फोल्डरमधली एमडीस्टॅट फाइल वाचा: चौकटी कंसात दोन 'यू' दिसले तर दोन्ही डिस्क हजर आहेत, एका जागी खालची रेघ दिसली तर एक गेलेली आहे.

मग बॅकअप. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण ते अंगावर येतं ते याच क्षणी. जे अत्यंत मोलाचं आहे ते आत्ता, उरलेली डिस्क धड वाचत असताना, बाहेरच्या डिस्कवर उतरवा. स्टुडिओत आम्ही त्या महिन्यातली, अजून अल्बम न झालेली लग्नं आधी काढून घेतली; जुन्याची पाळी नंतर.

तिसरी गोष्ट सिरियल नंबर. एसडीए, एसडीबी ही नावं पुढच्या वेळी मशीन चालू झालं की अदलाबदल होऊ शकतात. ड्राइव्हची माहिती विचारणाऱ्या स्मार्टसीटीएल या आज्ञेला आय पर्याय दिला की ड्राइव्हचा सिरियल नंबर कळतो. तो कागदावर लिहा आणि डिस्कवरच्या लेबलशी ताडून पाहिल्याशिवाय केबलला हात लावू नका. चांगली डिस्क काढून आजारी डिस्क आत ठेवणं ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते.

लॉग काय सांगतो

डीमेसेजमध्ये त्या डिस्कच्या ओळी शोधा. तीन प्रकारचे दोष दिसतील आणि तिन्हींची औषधं वेगळी.

चूक सांगणाऱ्या ओळीत यूएनसी ही तीन अक्षरं असतील तर ड्राइव्हने स्वतःच सांगितलं आहे की हा सेक्टर वाचता येत नाही. ही प्लॅटरवरची, म्हणजे आतल्या तबकडीवरची, खरी चूक. त्यापाठोपाठ एमडीची 'रीड एरर करेक्टेड' अशी ओळ असेल तर दुरुस्ती झालीही. तेवढ्यावर घाबरायचं कारण नाही, पण नोंद ठेवा.

आयसीआरसी दिसलं तर डेटा ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत बिघडतो आहे. इथे दोष केबलचा, कनेक्टरचा किंवा पॉवर सप्लायचा. स्वस्त साटा केबल, कॅबिनेटचं झाकण लावताना वाकलेलं टोक, एकाच पॉवर वायरवर जोडणीला जोडणी लावून चालवलेल्या चार डिस्क, यांतलं काहीतरी सापडतंच.

तिसरा प्रकार म्हणजे नुसता टाइमआउट: यूएनसी नाही, आयसीआरसी नाही, फक्त आज्ञा वेळेत पुरी झाली नाही, मग 'हार्ड रीसेटिंग लिंक' आणि 'लिंक इज स्लो टू रिस्पॉन्ड' अशा ओळी. घड्याळांच्या भांडणाची ही खूण. स्टुडिओच्या लॉगमध्ये हीच ओळ पंधरा वेळा होती.

स्मार्टचे चार आकडे

स्मार्ट म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. स्मार्टसीटीएलला ए पर्याय दिला की तिचा लांबलचक तक्ता येतो. त्यातले चार आकडे, तेही शेवटच्या रॉ व्हॅल्यूच्या रकान्यातले, आपल्या कामाचे. ५ क्रमांकाचा आकडा सांगतो की किती सेक्टर राखीव जागेवर हलवले गेले. १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट पाहणारे सेक्टर. १९८ म्हणजे ड्राइव्हच्या स्वतःच्या तपासणीत दुरुस्त न झालेले. १९९ म्हणजे केबलवरच्या चुका.

१९७ मधला आकडा लिहिल्यावर खाली येऊ शकतो. त्याच जागी नवा मजकूर नीट लिहिला गेला तर ड्राइव्ह ती जागा पुन्हा चांगली मानते आणि ५ क्रमांकाचा आकडा वाढतही नाही. १९९ मात्र कधीच कमी होत नाही. त्यामुळे केबल बदलल्यावर तो आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. तोच राहिला तर जिंकलात. सीगेटच्या ड्राइव्हवर १ क्रमांकाच्या रीड एरर रेटसमोर नऊ-नऊ अंकी संख्या दिसते. ती पाहून दचकू नका, त्या आकड्याची मांडणीच तशी असते.

गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त ड्राइव्हचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पहिली स्कॅन एरर (पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) आल्यानंतरच्या ६० दिवसांत अशा ड्राइव्ह बाद होण्याची शक्यता बिनचुकीच्या ड्राइव्हच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात बाद झालेल्या ड्राइव्हपैकी निम्म्याहून अधिकींनी त्या अभ्यासाने महत्त्वाच्या मानलेल्या स्मार्टच्या चार आकड्यांत कसलीच पूर्वसूचना दिलेली नव्हती. म्हणजे वाईट आकडा दिसला तर तो खरा धरा, पण चांगला आकडा दिसला म्हणून निर्धास्त राहू नका.

घड्याळं जुळवणं

आता मुख्य काम. ड्राइव्ह किती वेळाने हार मानते ते पाहायला स्मार्टसीटीएलला एल पर्यायासोबत 'एससीटीईआरसी' द्या. तीनपैकी एक उत्तर येईल.

वाचणं ७०, लिहिणं ७० असं उत्तर आलं तर एकक सेकंदाचा दहावा भाग आहे, म्हणजे ७ सेकंद. काही करायची गरज नाही.

'डिसेबल्ड' आलं तर सोय आहे, फक्त बंद आहे. त्याच एससीटीईआरसीपुढे स्वल्पविराम देऊन ७०, ७० लिहिलं की ती चालू होते. पण वीज गेली की बऱ्याच ड्राइव्ह हे विसरतात. म्हणून हाच पर्याय स्मार्टडी या डिस्कवर सतत नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या डिस्कच्या ओळीत लिहून ठेवा. स्मार्टडी सुरू होताना तो लागू करतो. चालू मशीनमध्ये डिस्क काढ-घाल होत असेल तर त्यासाठी यूडेव्हचा (उपकरण जोडलं की ते ओळखणाऱ्या यंत्रणेचा) नियमही लावावा लागतो.

'नॉट सपोर्टेड' आलं तर ड्राइव्हचा हट्ट मोडता येत नाही, मग कर्नललाच धीर धरायला लावायचा. सिस फोल्डरमध्ये ब्लॉक, त्यात त्या डिस्कचं नाव, त्यात डिव्हाइस, आणि त्यात टाइमआउट नावाची फाइल असते. तिच्यात ३० असतं, तिथे १८० लिहा. हाही बदल रीस्टार्टला पुसला जातो, म्हणून तो मशीन चालू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये घाला. मशीन मधूनमधून दोन-तीन मिनिटं गोठेल. ती किंमत मोजावी, कारण निदान डिस्क विनाकारण बाद होणार नाही. स्टुडिओच्या दोन्ही ड्राइव्ह याच तिसऱ्या प्रकारातल्या निघाल्या.

एका प्रसंगात हे सगळं उलटं करायचं, आणि ही गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. मिररमध्ये एकच डिस्क उरली असेल आणि तिच्यावरही खराब सेक्टर असतील, तर आता दुसरी प्रत नाही. इथे ७ सेकंदांत हार मानणारी ड्राइव्ह नको, हट्टी ड्राइव्ह हवी. एससीटीईआरसी ०, ० करून मर्यादा काढून टाका, कर्नलचा टाइमआउट १८० करा आणि ड्राइव्हला जमेल तेवढे प्रयत्न करू द्या.

यूएसबीच्या डब्यात ठेवलेल्या डिस्कचा मिरर करू नका असा माझा सल्ला आहे. मधली चिप या आज्ञा नेहमी पुढे पोचवत नाही, आणि तिचे स्वतःचे रीसेट वर भर घालतात.

सगळी डिस्क एकदा वाचून घेणं

घड्याळं जुळली की बाद झालेली डिस्क परत घ्या. एमडीएडीएम या एमडी चालवायच्या आज्ञेला रीॲड, म्हणजे 'पुन्हा जोड', असं सांगा. मिररवर राइट-इंटेंट बिटमॅप (कुठे लिखाण झालं याची नोंद) असेल तर मधल्या काळात बदललेले भागच लिहिले जातात आणि काम काही मिनिटांत उरकतं; नसेल तर पूर्ण डिस्क लिहावी लागते. ४ टेराबाइट, सरासरी सेकंदाला १५० मेगाबाइट, म्हणजे साधारण साडेसात तास.

त्यानंतर चेक चालवा. सिस फोल्डरमध्ये ब्लॉक, एमडी शून्य, एमडी या वाटेवरच्या सिंक ॲक्शन फाइलमध्ये 'चेक' हा शब्द लिहिला की दोन्ही डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर वाचला जातो. कुठे वाचता आलं नाही तर तो भाग दुसऱ्या डिस्कवरून घेऊन तिथे पुन्हा लिहिला जातो. स्टुडिओतला तो हट्टी तुकडा असाच बरा झाला: १९७ मधला ८ हा आकडा शून्यावर आला. आठ का, तर आजच्या ड्राइव्हचा खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बाहेर ५१२ बाइटचा दाखवला जातो. एक खरा सेक्टर खराब झाला की हिशेबात आठ येऊ शकतात. हाताने दुरुस्ती करायला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. फक्त ५१२ बाइट लिहायला गेलात तर ड्राइव्हला आधी पूर्ण ४०९६ बाइट वाचावे लागतात, आणि ते तर वाचता येतच नाहीत.

चेक संपल्यावर मिसमॅच काउंट, म्हणजे दोन प्रतींत किती जागी फरक आहे तो आकडा, पाहा. मिररवर स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा) असेल तर तिथे थोडा आकडा निरुपद्रवीपणे येऊ शकतो. मोठा आकडा आला तरी चेकच्या जागी 'रिपेअर' लिहायची घाई करू नका. दोन प्रती वेगळ्या असतील तर खरी कुठली हे एमडीला कळत नाही, ते एक प्रत उचलून दुसरीवर लिहितं. झेडएफएस आणि बीटीआरएफएस इथे खरोखर उजवे, कारण त्यांच्याकडे प्रत्येक तुकड्याचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो आणि खरी प्रत ओळखता येते. झेडएफएसच्या झेडपूल स्टेटसमध्ये रीड, राइट आणि चेकसम असे तीन रकाने दिसतात. फक्त चेकसमचा आकडा वाढत असेल तर केबल आणि रॅमवर संशय घ्या.

डिस्क बदलायची कधी आणि कशी

एकदा आठ सेक्टर दिसले आणि चेकनंतर आकडा स्थिर राहिला तर मी ती डिस्क चालू ठेवतो आणि आठवड्याला पाहतो. दोन चेकमध्ये ५ किंवा १९७ चा आकडा वाढत गेला तर वाट पाहणं बंद. नव्या कर्नलमध्ये एमडी स्वतःही तासाभरात २० हून जास्त दुरुस्त्या कराव्या लागल्या तर डिस्क बाद करतं.

बदलताना जुनी डिस्क आधी काढू नका. हे मी एका पतसंस्थेच्या मशीनवर शिकलो. तिथे मी आजारी डिस्क काढली, नवी लावली, रिबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर प्रत काढणं, सुरू केलं आणि घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो तर रिबिल्ड अडलेलं. 'चांगल्या' डिस्कवरही एक न वाचता येणारा सेक्टर होता आणि तीन वर्षांत तिथलं कुणी कधी वाचलंच नव्हतं. काढून ठेवलेल्या डिस्कवर तो मजकूर शाबूत होता. आजारी डिस्क म्हणजे निरुपयोगी डिस्क नव्हे: तिचे ९९ टक्क्यांहून जास्त सेक्टर ठणठणीत असतात, आणि दुसरीची भोकं नेमकी तिच्याकडून भरून निघतात.

तेव्हा नवी डिस्क तिसरी म्हणून जोडा. साटा पोर्ट कमी पडला तर सीडी ड्राइव्हचा घ्या. नव्या डिस्कवर जुन्याइतकंच किंवा मोठं पार्टिशन करा, मग एमडीएडीएमला रिप्लेस आणि विथ हे दोन पर्याय द्या: रिप्लेसपुढे जुनं पार्टिशन, विथपुढे नवं. प्रत पूर्ण होईपर्यंत जुनी डिस्क मिररमध्येच राहते. दुसरा मार्ग म्हणजे ग्रो करून मिररच तीन डिस्कचा करणं आणि काम झाल्यावर पुन्हा दोनचा. झेडएफएसमध्ये झेडपूल रिप्लेस जुनी डिस्क जागेवर ठेवून हेच करतं, तर बीटीआरएफएसमध्ये रिप्लेस स्टार्ट. मशीन याच डिस्कवरून बूट होत असेल तर नव्या डिस्कवर ग्रब (मशीन बूट करून देणारा प्रोग्राम) इन्स्टॉल करायचं विसरू नका.

नवी डिस्क घेताना दोन गोष्टी पाहा. एक, ती एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) नसावी. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टेराबाइटच्या काही ड्राइव्ह एसएमआर असल्याचं मान्य केलं. अशा ड्राइव्हवर रिबिल्डसारखं सलग मोठं लिखाण आलं की ती आतल्या आत आवराआवर करत बसते आणि टाइमआउट होतात. रेड प्लस ही मालिका त्यानंतर वेगळी काढली गेली. दुसरं, ती खरोखर नवी असावी. २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या वापरलेल्या ड्राइव्ह स्मार्टचे तास शून्य करून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं जर्मनीत उघड झालं. सीगेटच्या ड्राइव्हवर फार्म नावाचा वेगळा लॉग असतो. स्मार्टसीटीएल ७.४ पासून तो वाचता येतो. लॅमिंग्टन रोडवर घेतलेली असो वा ऑनलाइन, दोन्हीकडचे तास जुळतात का ते पिशवी फोडल्याबरोबर पाहा.

दोन्ही डिस्क अडखळत असतील तर

मिरर थांबवा आणि खराब डिस्कवरून डेटा काढणारा जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम घ्या. आधी बऱ्या डिस्कच्या पार्टिशनवरून नव्या डिस्कवर, मॅपफाइल (काय निघालं, काय राहिलं याची नोंद) देऊन, प्रत काढा. पहिल्या फेरीत एन पर्याय लावा, म्हणजे अवघड जागा मागे ठेवून सोपं ते आधी निघतं. मग दुसऱ्या डिस्कचं पार्टिशन स्रोत म्हणून द्या, पण नवी डिस्क आणि मॅपफाइल तीच ठेवा. डीडीरेस्क्यू फक्त राहिलेली भोकं दुसऱ्या डिस्कवरून भरतं. पतसंस्थेचा डेटा असाच परत आला. दोन अटी आहेत: दोन्ही पार्टिशनवर मिररचा डेटा एकाच अंतरावरून सुरू होत असला पाहिजे, आणि दुसरी डिस्क बाहेर काढल्यावर मिररवर फारसं लिखाण झालेलं नसावं. अंतर एमडीएडीएमच्या एक्झामिनमध्ये डेटा ऑफसेट म्हणून दिसतं. शेवटी फाइल सिस्टिमची तपासणी करूनच डेटा वापरायला द्या.

यानंतरची राखण थोडकी आहे. डेबियनवर महिन्याच्या पहिल्या रविवारी चेक आपोआप चालतो. तुमच्याकडे तो खरंच चालतो का ते लॉगमध्ये पाहा. स्मार्टडीला आठवड्याला छोटी आणि महिन्याला मोठी टेस्ट लावा, पण मोठी टेस्ट चेकच्या दिवशी नको. एमडीएडीएमच्या मॉनिटरला टेस्ट पर्याय देऊन एक चाचणी मेल पाठवा आणि ती मेल फोनवर आलेली डोळ्यांनी पाहा. पतसंस्थेत मेलचा पत्ता दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाचा होता.

काढलेल्या डिस्कवर तारीख आणि 'मिररमधून काढली' असं मार्करने लिहून ती कपाटात ठेवा. नव्या डिस्कवर एक पूर्ण चेक बिनचूक पार पडेपर्यंत ती पुसू नका.